बालकलाकार मुलगी नायिका कशी होते? पद्मिनी कोल्हापुरे, नंदा, ऊर्मिला आणि आजच्या मुली

दुपारचा_खेळ

'प्रेमरोग'मध्ये (१९८२) पद्मिनी कोल्हापुरे यांच्या आईचं काम नंदा यांनी केलं आहे. आदल्याच वर्षीच्या 'आहिस्ता आहिस्ता'मध्येही आई नंदाच. म्हणजे एकेकाळची 'बेबी नंदा' नुकत्याच मोठ्या होत असलेल्या दुसऱ्या बालकलाकार मुलीची आई झाली होती. हे दोन सिनेमे पाठोपाठ पाहिले की बालकलाकार ते नायिका हा रस्ता किती वेगवेगळ्या तऱ्हेने कापावा लागतो ते दिसतं. त्यावर नीट बोलावं म्हणून हा धागा.

आधी पद्मिनींचा क्रम मांडतो, वयासकट, कारण या विषयात वय सोडून बोललं की सगळंच निसटतं.

जन्म १ नोव्हेंबर १९६५. घरात गाणं. आजोबा कृष्णराव कोल्हापुरे नाट्यसंगीतातले, वडील पंढरीनाथ गायक, मंगेशकरांशी नातं. 'यादों की बारात'मध्ये बहीण शिवांगीबरोबर मुलांच्या कोरसमध्ये आवाज दिला. आशाबाईंनी देव आनंद यांना नाव सुचवलं आणि 'इश्क इश्क इश्क' (१९७४) मिळाला. मग 'ड्रीमगर्ल' (१९७७), 'साजन बिना सुहागन' (१९७८) अशी कामं. १९७८ सालच्या 'सत्यम शिवम सुंदरम'मध्ये लहानपणीची रूपा, तेव्हा वय १२. नोव्हेंबर १९८० मध्ये 'इन्साफ का तराजू' आला तेव्हा नुकती १५ पूर्ण. त्यासाठी फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक. १९८१ अखेरीस 'जमाने को दिखाना है'मध्ये ऋषी कपूरची नायिका, वय १६. जुलै १९८२ मध्ये 'प्रेमरोग', अजून १६च. आणि त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा १७.

'सत्यम शिवम सुंदरम'मध्ये ती झीनत अमानचं बालपण होती, तर 'इन्साफ का तराजू'त झीनत अमानचीच धाकटी बहीण. माझ्या मते सगळा उलगडा या दोन कामांच्या मधल्या फरकात आहे. नायिकेचं बालपण करणारी मुलगी कितीही चांगली असली तरी ती प्रस्तावना असते. गाणं संपतं, मुलगी पळता पळता मोठी होते आणि पडद्यावर दुसरीच बाई येते. प्रेक्षकांच्या मनात तिची गोष्ट तिथेच संपते. बहीण झाली की शेवटच्या रिळापर्यंत तिला जागा असते, कथेचे परिणाम तिच्यावर होतात, कोर्टात साक्ष द्यायला ती उभी राहते. बालकलाकार मुलीला पहिल्यांदा 'माणूस' म्हणून पाहिलं जातं ते अशा भूमिकेत.

आणि 'प्रेमरोग'ने पुढचं काम केलं. त्यातली मनोरमा, म्हणजे पद्मिनी, सुरुवातीला हुंदडणारी पोर आहे, मग नवरी, मग लगेच विधवा. ज्या प्रेक्षकाने तिला फ्रॉकमध्ये पाहिलं होतं त्याला ती मोठी होताना पडद्यावरच दिसली. मध्ये काही गाळलेलं नाही, उडी नाही. असा पुलासारखा एक सिनेमा मिळाला तर पुढचं सोपं जातं, नाही मिळाला तर अवघड. 'जमाने को दिखाना है' तसा नव्हता. त्यात ती थेट तयार नायिका होती, गाणी-डोंगर-नाच सगळं होतं आणि सिनेमा चालला नाही. पडण्याची कारणं आणखीही असतील, पण तिला प्रेक्षकांनी नायिका म्हणून स्वीकारलं ते 'प्रेमरोग'पासून, हे नक्की.

---

तिसरी_घंटा

छान धागा. नंदांबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत 'पूल' चुकीच्या काठाला लागला, आणि तो दुरुस्त करायला वर्षं गेली.

जन्म ८ जानेवारी १९३९, कोल्हापूर. वडील मास्टर विनायक १९४७ च्या ऑगस्टमध्ये गेले. 'मंदिर' (१९४८) हे बेबी नंदाचं पहिलं काम. वडील गेल्यावर ते काम हौसेचं राहिलं नाही, त्यावर घर चालत होतं. ही गोष्ट करिअरच्या आलेखात फार महत्त्वाची असते, कारण कमावत्या मुलीला दोन-तीन वर्षं थांबून 'मोठी होऊन परत ये' असं सांगता येत नाही. त्यामुळे 'जग्गू'सारखी (१९५२) बालभूमिका, पाठोपाठ मराठीत 'कुलदैवत' आणि 'शेवग्याच्या शेंगा' (दोन्ही १९५५), अशी सलग कामं झाली. मधली रिकामी जागाच नाही.

नात्यातल्या व्ही. शांतारामांच्या राजकमलने 'तूफान और दिया' (१९५६) दिला. ही भावाबहिणीची गोष्ट. इथेच मेख आहे. पुढच्याच वर्षी 'भाभी'. त्यातलं पतंगाचं गाणं नंदा आणि जगदीप यांच्यावर आहे, जगदीपही बालकलाकार म्हणूनच आलेले. त्या सिनेमासाठी सहायक अभिनेत्रीचं नामांकन. मग एल. व्ही. प्रसाद यांचा 'छोटी बहन' (१९५९), आणि तो इतका चालला की राखीपौर्णिमेला रेडिओवर आजही त्यातलंच गाणं लागतं. 'काला बाजार'मध्ये (१९६०) देव आनंदची बहीण. 'आंचल'साठी (१९६०) फिल्मफेअरही सहायक अभिनेत्रीचंच.

मुलगी गोड, निरागस म्हणून माहीत असते. ती मोठी झाल्यावर निर्मात्याला तो गोडवा वाया घालवायचा नसतो, म्हणून तो तिला असं नातं देतो ज्यात प्रेमप्रसंग नाही. बहीण, नणंद, वहिनी. लोकांना ते आवडतं. मग पुढचा निर्माता तेच मागतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण चार सिनेमांत शिक्का बसतो.

नंदांनी तो पुसला कसा? 'हम दोनों'मध्ये (१९६१) त्याच देव आनंदची, म्हणजे मेजरची पत्नी. खरा बदल 'जब जब फूल खिले'ने (१९६५) केला. शशी कपूर तेव्हा हिंदीत जम बसवू पाहत होते आणि नंदा नाव असलेली अभिनेत्री होती. तिने नवख्या नायकाबरोबर काम घेतलं. यात व्यवहाराची गोष्ट अशी की मोठ्या नटासमोर भूमिका आधीच ठरलेल्या चौकटीत येते, नवख्यासमोर नायिकेला जागा मिळते. भूमिकाही शहरी, पाश्चात्त्य वळणाच्या श्रीमंत मुलीची, म्हणजे 'छोटी बहन'च्या अगदी उलट टोकाची. आणि १९६९ सालचा यश चोप्रांचा 'इत्तेफाक', एकही गाणं नाही, एका रात्रीची गोष्ट, आणि नंदा संशयाच्या घेऱ्यातली बाई. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं.

'भाभी' ते 'इत्तेफाक', बारा वर्षं. पद्मिनींना हेच अंतर कापायला दोन वर्षं लागली. त्यामागे 'बहीण' या शिक्क्याचा वाटा मोठा आहे.

---

सनद

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट न बोलता पुढे जाणं मला पटत नाही. 'इन्साफ का तराजू'चं चित्रीकरण झालं तेव्हा पद्मिनी १५ पूर्णही नव्हती, आणि भूमिका बलात्कारपीडितेची. 'गहराई' (१९८०) त्याच सुमाराचा, त्यात तिच्यावर आलेले प्रसंग आठवा. 'प्रेमरोग'मध्येही जेठाकडून अत्याचार. आपण ज्याला 'पूल' म्हणतो आहोत तो एका अल्पवयीन मुलीला हिंसेच्या प्रसंगांतून नेऊन बांधला गेला. अभिनय अस्सल होता, पारितोषिकं योग्य होती, तरीही चौदा वर्षांच्या मुलीला मोठं 'दाखवण्याचा' तो त्या काळातला सर्रास मार्ग होता. दक्षिणेतही तेच. श्रीदेवी 'मूंड्रु मुडिच्चु'मध्ये (१९७६) तेरा वर्षांची होती आणि पडद्यावर रजनीकांतची सावत्र आई झाली होती.

आज हे प्रसंग तसे घेता येणार नाहीत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा (२०१२) अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, आणि बालकाचं अश्लील किंवा असभ्य चित्रण हा त्यात गुन्हा आहे. त्यात मुलीची किंवा पालकांची 'संमती होती' हा बचाव चालत नाही. तेव्हा 'पद्मिनीसारखी एखादी जबरदस्त भूमिका मिळाली पाहिजे' असं आजच्या मुलींच्या बाबतीत म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं.

---

दुपारचा_खेळ

@सनद, मान्य. वयं मुद्दाम लिहिली ती त्यासाठीच. पुलाचा मुद्दा मी हिंसेच्या प्रसंगांपुरता म्हणत नाही. भूमिका शेवटपर्यंत चालणं आणि वाढ पडद्यावर दिसणं, या दोन गोष्टी त्यात कामाच्या आहेत. त्या शाळेच्या गोष्टीतही साधता येतात.

बालकलाकारांसाठी सध्या नेमके काय नियम आहेत ते लिहाल का? धाग्यावर बऱ्याच जणांना उपयोग होईल.

---

सनद

लिहितो. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले. कलाकार म्हणून मुलांना काम करायला परवानगी आहे, पण अटींवर.

चौदा वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची आणि 'फॉर्म सी'मध्ये हमीपत्र द्यायचं, त्यात मुलांची यादी, पालकांची संमती आणि सेटवर मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव असतं. हे हमीपत्र सहा महिने चालतं. एका जबाबदार माणसामागे जास्तीत जास्त पाच मुलं. शाळा सुटता कामा नये, हीही निर्मात्याचीच जबाबदारी. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही.

आणि पैशाचं कलम: मिळणाऱ्या रकमेपैकी किमान २० टक्के थेट मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ती सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. 'थेट' या शब्दावर अडून बसा. निर्मात्याने सगळी रक्कम पालकांच्या खात्यात टाकायची आणि पालकांनी नंतर ठेव करायची, असं नियमात नाही. (अमेरिकेत कॅलिफोर्नियाने जॅकी कूगनच्या प्रकरणानंतर १९३९ साली असा कायदा केला. चार्ली चॅप्लिनबरोबर गाजलेल्या त्या मुलाने कमावलेला पैसा तो मोठा होईपर्यंत जवळजवळ संपला होता.)

आता या धाग्याला लागून असलेला मुद्दा. या नियमांत बालक म्हणजे चौदा वर्षांखालचं. पंधराव्या वर्षात पाऊल टाकलं की पाच तास, २७ दिवस, २० टक्के ही चौकट संपते. आणि मुलीच्या करिअरमधला सगळ्यात नाजूक काळ नेमका १४ ते १८. 'इन्साफ', 'आहिस्ता आहिस्ता', 'प्रेमरोग' सगळे याच वयात बसतात. त्यामुळे ज्या गोष्टी चौदाच्या आत नियमाने मिळतात त्या पुढची चार वर्षं करारात लिहून घ्याव्या लागतात. तास, रात्रीचं चित्रीकरण नाही, परीक्षेचे दिवस मोकळे, पालकांपैकी एकाची सेटवर उपस्थिती, पोशाखाची आधी संमती, आणि ठेवीचा टक्का.

करार कुणी करायचा? अज्ञान व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. म्हणून निर्माते आई-वडिलांशी करार करतात. तो वाचताना 'पुढील तीन वर्षे अन्यत्र काम करणार नाही' किंवा 'निर्मात्याच्या मर्जीनुसार मुदतवाढ' असली ओळ असेल तर तिथेच थांबा. तेरा वर्षांच्या मुलीला बांधणारी तीन वर्षं म्हणजे तिची सगळी संक्रमणाची वर्षं, आणि त्या काळात तिचा चेहरा त्या एका मालिकेचा होऊन बसतो.

---

कडीपत्ता

सिनेमापेक्षा मालिकांबद्दल कुणी लिहाल का? आता बहुतेक मुली तिथूनच येतात.

---

क्लॅप_दे

मालिकांचं गणित वेगळं आहे, लिहितो.

मालिकेतली मुलगी बहुतेक वेळा 'लीप'ला बाहेर पडते. कथा काही वर्षं पुढे उडी मारते आणि त्याच भूमिकेत मोठी अभिनेत्री येते. 'बालिका वधू' २००८ साली सुरू झाली तेव्हा आनंदी अविका गोर होती, २०१० मध्ये लीप आला आणि आनंदी प्रत्यूषा बॅनर्जी झाली. पात्र पुढे गेलं, मुलगी मागे राहिली. वर दुपारचा_खेळ यांनी प्रस्तावनेबद्दल लिहिलंय तेच इथे, फक्त दोन वर्षं रोज रात्री प्रेक्षकांसमोर असल्यामुळे ओळख शंभरपट. अविकाने पुढे 'ससुराल सिमर का' (२०११) घेतली आणि त्यात विवाहित रोली केली. तिचा जन्म १९९७ चा, म्हणजे वय १३-१४. सलग ओळख टिकली, पण थेट सुनेच्या साडीत. हिंदी मालिकांत १४ ते १८ वयाच्या मुलीसाठी भूमिकाच लिहिल्या जात नाहीत, एकदम सून. अविका त्यातून निघाली ती तेलुगू सिनेमात जाऊन, 'उय्याला जम्पाला' (२०१३). भाषा बदलली की पडद्यावरचं वय नव्याने मोजलं जातं. ऊर्मिला मातोंडकरनेही तेच केलं होतं, 'चाणक्यन' हा मल्याळम सिनेमा १९८९ सालचा, कमल हासनबरोबर.

आता मालिकेत अंगात मुरणाऱ्या सवयींबद्दल, कारण ऑडिशनला मुली पडतात त्या बहुधा यामुळे, चेहऱ्यामुळे नव्हे.

सगळ्यात आधी हनुवटी. सेटवरचे सगळे मोठे, म्हणून मुलगी पाच वर्षं वर बघून बोलते. उंची वाढते, समोरचा माणूस आता डोळ्यांच्या रेषेत असतो, पण मान तशीच किंचित मागे आणि हनुवटी वर. क्लोजअपमध्ये ते लगेच दिसतं, कितीही मोठी साडी नेसवा, चेहरा 'बाबा, मला हे हवंय' म्हणणाऱ्या मुलीचाच राहतो. उपाय सोपा आहे पण रोज करावा लागतो. समोरच्याला खुर्चीवर बसवून, स्वतः उभं राहून, खाली बघत तेच संवाद म्हणायचे. आठ-दहा दिवसांत मानेला नवी जागा सापडते.

दुसरं, वाक्य ऐकून म्हणण्याची सवय. घाईच्या मालिकेत सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून ओळ सांगतो, मुलगी तशीच्या तशी म्हणते. चालही त्याचीच उचलते. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच हेल येतो, आणि पूर्ण पान पाठ करून समोरच्याचं ऐकत बोलणं जमतच नाही. तीन पानांचा प्रसंग आदल्या रात्री पाठ करून सकाळी चालीशिवाय, सपाट आवाजात म्हणून बघायचा. अर्थ कळला असेल तर सपाट म्हणतानाही थांबे योग्य जागी पडतात. नसेल तर लगेच उघडं पडतं.

तिसरं, रडणं. लहान मुलांना रडवायला ग्लिसरीन, नाहीतर 'आई गेली बघ' असलं काहीतरी. मोठ्या भूमिकेत दिग्दर्शकाला रडू नको असतं, रडू आवरणं हवं असतं. 'प्रेमरोग'मध्ये विधवा झाल्यानंतरची पद्मिनी बघा. आवाज खाली आणि चेहरा जवळजवळ स्थिर. म्हणूनच पुढे ती बोलते तेव्हा ऐकावंसं वाटतं.

---

तिसरी_घंटा

@क्लॅप_दे, हे सगळं सुधारायला आपल्याकडे एकांकिकेसारखी दुसरी जागा नाही. बालनाट्याची परंपरा आहेच, सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासून. पण मोठं होताना उपयोगी पडतात त्या महाविद्यालयीन स्पर्धा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. दीड-दोन महिने एकाच संहितेवर तालीम, समोर निर्दय प्रेक्षक, क्लोजअप नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणाला तुमची मालिका माहीत असल्याचं कौतुक नसतं. शरीर पायापासून वापरावं लागतं. मालिकेतल्या मुलीला कमरेच्या खाली आपण काय करतो ते माहीतच नसतं, कारण फ्रेम कधी तिथवर गेलेलीच नसते.

---

रुपेरी_कडा

ऊर्मिलाचा विषय निघालाच आहे तर तिचा रस्ता या दोघींपेक्षा निराळा आहे, तो थोडक्यात. जन्म फेब्रुवारी १९७४. डॉ. लागूंचा 'झाकोळ' (१९८०), बेनेगलांचा 'कलयुग' (१९८१), मग 'मासूम' (१९८३). 'मासूम'नंतर मोजकी, लहान कामं. एन. चंद्रांच्या 'नरसिम्हा'त (१९९१) ती मोठी होऊन आली तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांनी तिला 'मासूम'मधली पिंकी म्हणून ओळखलंच नाही. ते तिच्या फायद्याचं ठरलं. आठ वर्षांत चेहरा बदलला, लोकांची आठवण पुसट झाली. तुटक ओळख ही नंदांना न परवडलेली चैन होती, ऊर्मिलाला ती मिळाली.

पण नुसत्या अंतराने काम भागत नाही. 'नरसिम्हा' आणि 'चमत्कार' (१९९२) नंतरही ती पहिल्या फळीत नव्हती. राम गोपाल वर्माने तिला आधी तेलुगूत 'अंतम' (१९९२) आणि 'गायम'मध्ये (१९९३) घेतलं होतं, म्हणजे 'रंगीला'च्या (१९९५) आधी त्याला तिचं काम कॅमेऱ्यातून माहीत होतं. 'रंगीला'तली मिली स्वतःच गर्दीतली नाचणारी मुलगी आहे आणि नायिका होऊ पाहते. म्हणजे तोही पूलच, दुपारचा_खेळ म्हणतात तसा. प्रेक्षक आत बसलेले असताना ती बदलते. मनीष मल्होत्राचे कपडे, नाच, व्यायामाने कमावलेलं शरीर, यांचा वाटा मोठा आहेच.

त्यानंतर तिने जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. 'रंगीला'चा शिक्का बसतोय असं दिसताच 'सत्या'मध्ये (१९९८) चाळीतली साधी मुलगी, एका घरात तीनच पात्रं असलेला 'कौन' (१९९९), 'भूत' (२००३) जवळजवळ मेकअपशिवाय, त्यासाठी फिल्मफेअरचं समीक्षक पारितोषिक, आणि त्याच वर्षी 'पिंजर'. एकदा बालकलाकाराचा शिक्का पुसला तरी दुसरा बसतोच, तो पुसण्याची रीत तीच. आधीच्या गाजलेल्या भूमिकेच्या उलट टोकाची, कमी पैशाची का होईना, पण लगेच.

---

कडीपत्ता

म्हणजे थांबणं चांगलं की सलग काम करणं? वाचून अजून स्पष्ट होत नाहीये.

---

दुपारचा_खेळ

घरच्या परिस्थितीवर आणि मुलगी किती ओळखीची आहे त्यावर. फार गाजलेली असेल तर थांबणं बरं. अर्धवट ओळखीची असेल तर थांबून तोटाच होतो, कारण पुसायला काही नसतं आणि संपर्क मात्र तुटतात.

मीनाकुमारींचं उदाहरण तिसऱ्या प्रकारचं. १९३९ मध्ये विजय भट्टांच्या 'लेदरफेस'मध्ये लहान मुलगी. बाराव्या-तेराव्या वर्षी 'बच्चों का खेल' (१९४६). मग होमी वाडियांच्या वगैरे पौराणिकांत कामं, 'वीर घटोत्कच' (१९४९), 'श्री गणेश महिमा' (१९५०). तेव्हाच्या हिशेबात ते दुय्यम सिनेमे. पण पौराणिकात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला देवी किंवा राणी म्हणून पाहायला कुणाला अडचण वाटत नाही, वयाचा प्रश्नच निघत नाही. मुकुट घालून तीन वर्षं काढली आणि १९५२ मध्ये त्याच विजय भट्टांनी 'बैजू बावरा' दिला. फिल्मफेअरची पारितोषिकं सुरू झाली तेव्हाचं पहिलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं त्यांचंच. म्हणजे ना थांबल्या, ना 'बहीण' झाल्या. कमी मानाच्या पण सज्ञान दिसणाऱ्या कामांत ते वय काढलं.

आजच्या मुलींना ती जागा डबिंग, नाटक, लघुपट आणि दुसऱ्या भाषेतल्या छोट्या कामांत मिळू शकते.

---

क्लॅप_दे

त्याला जोडून, परत येताना करायच्या गोष्टी. बहुतेक मुलींचे फोटो कास्टिंगवाल्यांकडे तीन-चार वर्षांपूर्वीचे पडून असतात, आणि भूमिका वाटताना तेच उघडले जातात. १५ ते १९ मध्ये दर सहा महिन्यांनी नवे फोटो पाठवा. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा, केस मोकळे आणि बांधलेले, मेकअप नाही. स्टुडिओ लागत नाही, खिडकीजवळचा सकाळचा उजेड पुरतो. भारी दागिने-लेहंगा घालून काढलेले फोटो या वयात उलटतात. त्यात मुलगी मोठी दिसत नाही, मोठ्यांचे कपडे घातलेली दिसते.

ऑडिशनची चित्रफीत घरून पाठवायची असेल तर फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. मागे एकरंगी भिंत. छातीपासून वर फ्रेम. सुरुवातीला नाव, वय, उंची, मग दोन्ही बाजूंनी चेहरा. संवाद वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी उभा हवा, म्हणजे नजर कॅमेऱ्याजवळ राहते. दोन तुकडे, प्रत्येकी एक ते दीड मिनिट, एकमेकांपासून लांबचे. जुन्या मालिकेतलं गाजलेलं वाक्य म्हणून दाखवू नका. त्याने समोरच्याला तीच लहान मुलगी पुन्हा दिसते. आणि वय खरं सांगा. १६ असताना १८ सांगितलं तर करार, तास, प्रसंग सगळंच चुकीच्या पायावर उभं राहतं.

---

सनद

वयाबद्दल दुजोरा. अठरा पूर्ण झाल्यावरच्या कागदपत्रांचंही लिहून ठेवतो, कारण ऐनवेळी मानधन अडकतं ते इथेच.

बालकलाकार म्हणून काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते. सज्ञान झाल्यावर दुरुस्ती अर्ज करून दोन्ही चढवून घ्यायचं. आधारमधले बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी अद्ययावत झालेले नसतील तर बँकेची पडताळणी पुढे सरकत नाही, ते आधी करा. बँकेत पालकांच्या सहीने चालणारं खातं तिच्या सहीचं करून घ्या, आणि प्रत्येक निर्मात्याने केलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या एकत्र करा. वेगवेगळ्या निर्मात्यांनी वेगवेगळ्या बँकांत ठेवी केल्या असतील तर काही घरात माहीतच नसतात, म्हणून जुने करार आणि 'फॉर्म सी'च्या प्रती काढून एकेक ताळा करा.

प्राप्तिकरात साधारणपणे अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कौशल्याने, कलेने मिळवलेलं मानधन त्याला अपवाद आहे. त्याचं विवरणपत्र मुलीच्याच नावाने, पालकांच्या सहीने भरायचं. मात्र त्या मानधनातून केलेल्या ठेवीचं व्याज तिला अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांच्या उत्पन्नात धरलं जातं. हा फरक बरेच जण चुकतात आणि नोटीस आल्यावर धावपळ होते. कापला गेलेला टीडीएस मुलीच्या पॅनवर दाखवला आहे ना, हेही दर तिमाहीला बघावं. आईच्या पॅनवर कापला असेल तर निर्मात्याच्या हिशेबनिसाकडून दुरुस्ती करून घ्यायची, आणि ती चित्रीकरण चालू असतानाच. एकदा मालिका बंद झाली की हिशेबनीस दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो.

---

कडीपत्ता

आभार सगळ्यांचे. 'आहिस्ता आहिस्ता' पाहिलेला नाही, आधी तो की 'प्रेमरोग'?

---

तिसरी_घंटा

आधी 'आहिस्ता आहिस्ता'. त्यात नंदा गाणाऱ्या-नाचणाऱ्या वस्तीतल्या आई आहेत आणि मुलगी त्यातून सुटू पाहते, पद्मिनींना त्यासाठी फिल्मफेअरचं विशेष पारितोषिक होतं. दोघींचे समोरासमोरचे प्रसंग तिथे जास्त आहेत. 'प्रेमरोग'मध्ये नंदा बऱ्याचदा मागे, दाराशी उभ्या असतात, संवाद थोडे. दोन्हींसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, 'भाभी'नंतर जवळपास पंचवीस वर्षांनी त्याच गटात. जमलं तर मध्ये 'इत्तेफाक' बघा, म्हणजे त्या दारातल्या बाईने आधी काय काय केलेलं आहे ते माहीत असेल.